वरच्या डोहावरचा चतुर

शनिवार, २१ ऑक्टोबर १९६१

पोहोचले एकदाची. नागपूरहून काल सकाळी निघाले ती आज दुपारी तांड्यावर, अंगावर दोन जिल्ह्यांची धूळ घेऊन. पण मन इतकं हलकं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं. फुलसावंगीला मोटारीतून उतरले तर तांड्याच्या नाईकांनी पाठवलेला गाडीवान उकंडा बंडी जुंपून उभाच होता. माझ्या सामानातली जाळी पाहून त्याने विचारलं, मासे धरता काय बाई? मी म्हटलं, नाही, चतुर. पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची, दोन-चार वावरं मागे पडल्यावर त्याने वळून विचारलं, ते भाजून खातात का रश्श्यात. मी इतकी हसले की बैल बिचकले.

बंजाऱ्यांचा हा तांडा टेकडीच्या उतारावर आहे. मातीची सारवलेली घरं, दारोदार कापसाचे ढीग. शाळेची कवेलूच्या छपराची एक खोली आहे. मास्तर दिवाळीला गावी गेले म्हणून ती मला मिळाली. फळ्यावर अजून बेरजेची गणितं आहेत. तांड्याचे नाईक खेमसिंग स्वतः उभे राहून खोली झाडून घेत होते. पांढरं पागोटं, हळू आवाज. मी चतुर शोधायला आले आहे याचं त्यांना नवल वाटलं नाही; मागे एकजण दगड मोजायला आला होता म्हणे. जेवणखाण त्यांची सून बिजलीबाई पाहणार. तिचा नवरा उत्तमसिंग पुसदला कापसाच्या जिनात कामाला आहे. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. बोलते कमी. हातांत कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. ज्वारीची भाकर आणि ठेचा ठेवून गेली आणि दारातून परत फिरून विचारलं, बाई, तुमाले तिखट चालते ना?

इथे येण्याचं कारण लिहून ठेवते, म्हणजे वैताग आला की वाचता येईल. मागल्या वर्षी याच दिवसांत सहस्रकुंडाहून सहल परतताना आमची मोटार इथल्या नाल्यापाशी बिघडली. मुली चहाच्या शोधात गेल्या, मी नाल्याच्या कडेने वर गेले आणि तिथे तो दिसला. काळा, अंगावर पिवळसर हिरवे पट्टे, दोन डोळ्यांमध्ये चांगलं अंतर, शेपटीचं टोक गदेसारखं फुगलेलं. ही जात पश्चिम घाटातल्या ओढ्यांवरची. इकडे तिची नोंद नाही. मी कॉलेजात प्राणिशास्त्र विभागात सांगितलं तर विभागप्रमुख सर सगळ्यांसमोर म्हणाले, मिस पांढरीपांडे, तुम्हाला दिसला म्हणजे तो आहे असं नव्हे. नर हातात आणा, मग बोलू. सगळे हसले. माझा सहकारी शेखदारसुद्धा हसला, ज्याला चतुर आणि त्याची बारीक बहीण टाचणी यांतला फरक मी शिकवला.

उन्हाळ्यात विभागातली प्रात्यक्षिकं शिकवण्याची एक जागा कायम व्हायची आहे. माझी किंवा शेखदारची.

रविवार, २२ ऑक्टोबर

दिसला. पहिल्याच दिवशी.

सकाळी खालच्या नाल्यावर होते. तांड्याची धुणी, गुरांचं पाणी सगळं तिथेच. पाणी स्वच्छ, खळाळतं, काठाला करंज आणि उंबर. चतुरांची नुसती रेलचेल. दोन तासांत सात जाती ओळखल्या, सातही पुड्यांत घातल्या. मग वर निघाले. नाईकांनी काल सांगितलंच होतं की वर एक डोह आहे, पण तिथे गाळ फार, मासा नाही, त्यामुळे आमचं कोणाचं काम पडत नाही.

डोह फार मोठा नाही. तीन बाजूंना काळा खडक, पाणी हिरवट आणि अगदी स्थिर. सूर्य डोक्यावर आला होता. पाण्याच्या मध्याशी एक काडी वर आलेली होती, वीतभर, आणि तिच्या टोकावर तो बसला होता.

मी श्वास रोखून खडकावर बसले. तासभर बसले. तो उडायचा, डोहावरून एक फेरी घ्यायचा आणि पुन्हा त्याच काडीवर येऊन बसायचा. नर असंच करतात, आवडीची एक जागा धरून ठेवतात. जाळी पोहोचण्याचा प्रश्नच नव्हता. बाकी सगळं जुळतं, फक्त एक दिसलं नाही. नराच्या शेपटीच्या टोकाला चिमट्यासारखे अवयव असतात. जात ठरते ती त्यांच्या आकारावरून. रंग आणि पट्टे फसवे. ते टोक सगळा वेळ पलीकडे होतं.

काही हरकत नाही. पंधरवडा हातात आहे.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

काल जाळीच्या दांड्याला वेळू बांधून तो दुप्पट लांब केला. आज तो मधोमध वाकला आणि जाळी पाण्यात गेली. ती काढण्याच्या नादात एक पाय गाळात गुडघ्यापर्यंत रुतला. पाय निघाला, बूट राहिला. आता बिजलीबाईच्या नवऱ्याच्या वहाणा घालून हिंडते आहे.

चतुर तेवढ्यात एक फेरी घेऊन परत काडीवर. शेपटी पलीकडे.

परत आले तर पुड्यांना मुंग्या लागलेल्या. सातपैकी पाच नमुन्यांचे नुसते पंख उरलेत. बिजलीबाई म्हणाली, खाटेच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या बाई, कोणी सांगितलं नाई काय तुमाले? नाही सांगितलं. मला कोणी काहीच सांगत नाही.

बुधवार, २५ ऑक्टोबर

बसून बसून पाठ धरली. आज त्याच्या वागण्याकडे नीट लक्ष दिलं आणि जे दिसलं त्याने आणखीच वैतागले, कारण ते कुठल्याच माहितीत बसत नाही. तो खात नाही. डास, माश्या त्याच्या तोंडापुढून जातात, तो ढुंकून बघत नाही. मादी नाही. दुसरा नर नाही, कधीच नाही. खालच्या नाल्यावर पाय ठेवायला जागा नाही इतके चतुर आणि वर हा एकटा.

चतुराची पिलं पाण्यात वाढतात. मोठी झाली की काठच्या दगडावर चढतात, तिथे कात टाकतात आणि पंख वाळवून उडतात. या डोहाच्या काठाचा दगड अन् दगड पाहिला. एकही कात नाही. चाळणीने गाळ काढून पाहिला. पिलू नाही, किडा नाही, बेडकाचं पोर नाही. हा इथे जन्मला नसेल, दुसरीकडून आला असेल, असं लिहून ठेवते. कुठून आणि कशाला, ते कळेल तेव्हा.

सर हे वाचून काय म्हणतील ते आत्ताच ऐकू येतं.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

चांगली बातमी. काडी जवळ आली आहे.

म्हणजे तसं वाटतं. पाणी उतरत असणार. परवापर्यंत डोहाच्या मध्याशी होती, आज माझ्या खडकाकडे चांगली चार-पाच हात सरकलेली दिसली, आणि वीतभर होती ती आता हातभर वर आहे. असंच पाणी ओसरत राहिलं तर दोन-तीन दिवसांत जाळीच्या टप्प्यात येईल. शाळेतला खडू आणला होता. पाण्याच्या पातळीशी खडकावर रेघ मारून ठेवली.

बिजलीबाईने आज बोरांची चटणी केली होती. सहज विचारलं, मुलं किती? ती म्हणाली एक होता. मागल्या पावसाळ्यात तापाने गेला, दोन वर्षांचा होऊन. तिनेच विषय बदलून माझ्या भिंगातून आपला अंगठा पाहिला आणि जरा हसली.

शनिवार, २८ ऑक्टोबर

पाणी रेघेशीच आहे. बोटभरही उतरलेलं नाही.

काडी आणखी जवळ.

गाळ सरकत असेल. आत झऱ्याचा दाब असेल. मला भूगर्भशास्त्र येत नाही आणि या घडीला त्याची गरजही नाही. आज तो इतका जवळ होता की डोळ्यांचा रंग लिहून घेता आला: वर निळा, खाली हिरवट. मेल्यावर हे रंग उडतात, म्हणून जिवंतपणी लिहावे लागतात. जाळी फेकली. हातभर कमी पडली. हातभर!

शेपटीचं टोक याही वेळी पलीकडे. मी खडकाच्या दुसऱ्या कडेला गेले, तर तोही फिरून बसला. पुन्हा इकडे आले, पुन्हा फिरला. राग आला इतका की दगड उचलला होता. ठेवला.

सोमवार, ३० ऑक्टोबर

समजा हातात आलाच नाही, तर निदान दुसऱ्या कोणी पाहिल्याची नोंद तरी हवी. म्हणून आज बिजलीबाईला घेऊन गेले. तिची कापूसवेचणी बुडणार होती, तरी आली. वाटेत गप्पा मारत होती, उत्तमसिंग दिवाळीला येताना पातळ आणणार आहे म्हणून. डोहाशी आली आणि बोलणं थांबलं. मी म्हटलं, तो बघ, दिसतो ना? तिने मान हलवली. मला आनंद झाला. मग ती म्हणाली, थे थितं कोनं टांगलं? मला वाटलं हिला भाषा नीट समजली नाही. टांगलं नाही, बसला आहे, म्हटलं. ती बघत राहिली. डोळ्यांची पापणी लवत नव्हती. मी रंग, पट्टे, एकेक विचारत होते आणि ती ऐकतच नव्हती. शेवटी मी जरा चिडूनच बोलले. परतताना अख्खी वाट ती माझ्या मागे दहा पावलं.

साक्षीदार मिळाला तोही असा.

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

सकाळी बिजलीबाई भाकर घेऊन आली आणि उंबऱ्यावर बसली. काल काय पाहिलं ते आपणहून सांगितलं. मी जसंच्या तसं उतरवते आहे, कारण डोक्यात ठेवलं तर बरं नाही.

तिला चतुर दिसलाच नाही. टोपी दिसली. लहान मुलाची, आरसे लावलेली. ती म्हणाली, माह्या पोराची हाये बाई, कवड्या मीच लावल्या होत्या, एक कवडी तुटकी हाये थे बी दिसली. मी म्हटलं, मग कोणीतरी नेऊन लटकवली असेल. ती म्हणाली, टोपी त्याच्यासंगच पुरली होती.

मी तिला समजावलं. दुःखाने असं होतं, उन्हात पाण्याकडे पाहिलं की डोळे फसतात, वगैरे. ती शांतपणे ऐकत होती. मला वाटलं पटलं. म्हणून मी विचारलं, त्या काडीवर कुठे होती टोपी, टोकाला की मध्ये? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही वेड्यासारखं बोलते आहे.

काडी कायची बाई, हात हाये थो. तुमाले दिसला नाई काय?

असं म्हणून तिने आपला उजवा हात वर धरला, बोटं वर करून. टोपी मधल्या बोटावर होती, म्हणाली.

दुपारी गेले. जाणारच होते. कॉलेजच्या दुर्बिणीच्या एका भिंगाला बुरशी आहे, दुसऱ्याने पाहिलं. काडीवर दोन पेरं आहेत. वेळूला असतात तशी. वेळूच असेल. तिच्या शेजारी पाण्याच्या किंचित वर आणखी तीन टोकं आली आहेत, एका ओळीत, आणि जरा बाजूला एक आखूड.

मी अर्धा तासही बसले नाही.

बुधवार, १ नोव्हेंबर, सकाळ

गेले नाही. जाणार नाही. खोलीत बसून उरलेल्या पुड्यांवर नावं घालते आहे. नाईकांकडे बंडीचं विचारलं. उकंडा शुक्रवारी येतो, त्याआधी नाही. वेचणीचे दिवस आहेत, तांड्यातली एकही बंडी मोकळी नाही. चालत फुलसावंगी गाठता आली असती, पण एवढं सामान आणि या वहाणा.

नाईकांना डोहाबद्दल सरळ विचारलं. तिथे कोणी बुडालं होतं का? त्यांनी विचार करून सांगितलं की त्यांच्या आठवणीत नाही. त्यांच्या बापाच्याही नाही. गुरं तिथलं पाणी पीत नाहीत एवढंच. काहून पीत नाहीत, ते कोणी पाहायला गेलं नाही. लपवत नव्हते. खरंच ठाऊक नव्हतं.

कोणाला काही ठाऊक असतं तर बरं झालं असतं. निदान चिडता आलं असतं.

चिमट्यांचा आकार अजून पाहिलेला नाही. हे इथे लिहायची काय गरज होती, कळत नाही.

त्याच दिवशी, दुपारी

भाकर आली नाही. नाईकांच्या घरी गेले तर बिजलीबाई वावरात असेल म्हणाले. वावरात नव्हती. तिच्या ओळीतला कापूस वेचायचा राहिलेला, झोळी बांधावर ठेवलेली, नीट घडी घालून.

मला ठाऊक होतं. मी सगळ्यांच्या आधी पळाले.

डोहावर कोणी नव्हतं. पाणी स्थिर. तिच्या वहाणा माझ्या खडकावर, शेजारी शेजारी. पाण्याजवळ मारलेली खडूची रेघ पुसलेली, ओल्या पायाने पुसावी तशी.

काडी नव्हती. काहीच नव्हतं. तोही नव्हता.

संध्याकाळ

तांड्यातले पुरुष दोर आणि बांबू घेऊन आले. चौघे आत उतरले. मधोमध उभे राहिले तेव्हा पाणी त्यांच्या कमरेला लागलं. फक्त कमरेला. गाळ आहे, पण कोणी त्यात बुडेल इतका नाही. सगळा डोह पायांनी चाचपला. एकमेकांचे हात धरून या काठापासून त्या काठापर्यंत गेले. ती नाही. लाकूड, वेळू, फांदी, काही नाही.

नाईक काठावर उभे होते. पागोटं काढून हातात धरलेलं. कोणी रडत नव्हतं. अजून कोणाला विश्वास बसला नव्हता.

मी काडीबद्दल बोलले नाही. काय बोलणार होते.

गुरुवार, २ नोव्हेंबर

उत्तमसिंग पुसदहून आला. कोणी निरोप दिला कोण जाणे. तरणाबांड, जिनातला कापूस केसांत तसाच. माझ्या दारात उभा राहून एकच विचारलं. तुम्ही तिले काय दाखवलं?

मी म्हटलं, चतुर.

तो माझ्या पायांकडे बघत होता. त्याच्या वहाणा. मी काढून दिल्या. त्याने घेतल्या नाहीत. गेला.

नंतर नाईक आले. बसले नाहीत. म्हणाले, बाई, उद्या बंडी येईल, तुम्ही जा, तिकडं आता कोणी जायचं नाई असं ठरवलं. आवाज नेहमीसारखाच हळू. शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मी तिला नेलं होतं. तिची मजुरी बुडवून नेलं होतं, मला खरं ठरायचं होतं म्हणून.

तेव्हापासून सामान बांधते आहे. बांधून होत नाही.

शुक्रवार, ३ नोव्हेंबर, सकाळ

खिडकीत आहे.

शाळेच्या खिडकीच्या गजावर. पाण्यापासून इतक्या लांब. काळा, पट्टे, सगळं तेच. शेपटी बाहेरच्या बाजूला.

झाकण मोकळं करून नमुने मारायची बाटली उचलली. तो उडाला. गेला. नाल्याच्या दिशेने, सावकाश, थांबत थांबत. मागे वळून बघितल्यासारखा. चतुर असं करत नाहीत. मला चतुर माहीत आहेत.

बंडी दुपारनंतर.

जाणार नाही. सामान बांधलं आहे. दाराशी ठेवलं आहे.

पण ती तिथे असेल तर. परवा ते सगळे ज्या वेळी उतरले तेव्हा ऊन गेलं होतं. दुपारी कोणी पाहिलंच नाही. कोणीतरी दुपारी पाहायला हवं. मी नेलं तिला, मीच पाहायला हवं.

नाईकांच्या घरी सांगितलं की खालच्या नाल्यावर पाय धुऊन येते. जाळी बरोबर का घेतली, ते त्यांनी विचारलं नाही.

मीही स्वतःला —

दुपार. डोह.

आहे.

खडकाला लागून. हातभरावर. काडी नाही, मला दिसतं आहे, मी आंधळी नाही. पाचही बोटं. मनगट. मनगटाला पांढऱ्या बांगड्या, खाली पाण्यात कोपरापर्यंत गेलेल्या. कोणाच्या ते मला कळतं.

हाक मारली. दोनदा मारली. पाणी हललं नाही.

निघायला हवं. उठते.

तो मधल्या बोटावर बसला आहे. आणि फिरला. आत्ता, मी उठताना. शेपटी माझ्याकडे.

पहिल्यांदाच.

नर. नक्की नर. आधी लिहून घेते, एक मिनिट, मग तिला — मग हात धरून ओढते, जोर लावला तर —

वरचे चिमटे फिकट. पिवळट. मुळाशी रुंद, मग आत वळलेले. टोकाशी एक दात, खाली झुकलेला. हे कुठल्याच कोष्टकात नाही — नवीच जात — सरांना —

खालचे दुभंगलेले. नीट दिसत नाही. सावली येते आहे. माझीच असेल. वाकते.

बोट जरा वाकलं. तो तसाच बसून आहे, उडत नाही. जवळ आणून दाखवावं तसं. आता भिंग नको. खालच्या चिमट्याला आतून आणखी एक —